शाकारणी

रस्किनने आमचे पोट भरले, हे प्रथमच कबूल केलेले बरे. यवतमाळास इंग्रजीचे अध्यापन करण्यात आमची अठ्ठावीस वर्षे गेली. त्यांतील बहुतेक वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होणाऱ्या सत्रात एकोणिसाव्या शतकातील गद्य आमच्या वाट्यास येई, आणि त्या गद्यात रस्किनचा ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ हा १८४९ सालचा ग्रंथ आमच्या विशेष प्रीतीचा. वास्तुकलेचे सात दीप कल्पून त्यांतील एक त्याने स्मृतीस वाहिला आहे. त्या प्रकरणात जुन्या इमारतींचा जीर्णोद्धार करणाऱ्यांवर तो तुटून पडतो. जीर्णोद्धार हा त्याच्या मते इमारतीचा एक प्रकारे नाशच होय; वेळच्या वेळी निगा राखली तर ती पाळीच येणार नाही. छपरावर योग्य वेळी बसविलेले चार शिशाचे पत्रे आणि पन्हळीतून वेळेवर काढलेला पाचोळा, एवढ्याने छप्पर वाचते आणि भिंतीही वाचतात, असा त्याचा अगदी घरगुती उपदेश आहे. हा भाग आम्ही मोठ्या तन्मयतेने शिकवीत असू. बाहेर पाऊस लागलेला असे, मागच्या बाकांवरील मुलेही क्षणभर माना वर करीत, आणि त्याच वेळी आमच्या खिशात बहुधा दारव्ह्याहून आलेले काकूंचे आंतरदेशीय पत्र असे. यंदाही शाकारणी राहिली, माजघरात तीन ठिकाणी भांडी मांडून ठेवली आहेत, असा त्यात मजकूर असे.

यवतमाळहून दारव्हा चाळीसेक किलोमीटर. हे अंतर वाचकांनी ध्यानात ठेवावे, अशी विनंती आहे. आम्ही ते फार वर्षे ध्यानात ठेविले नाही.

दारव्ह्याचा आमचा वाडा काही इतिहासप्रसिद्ध नव्हे. देवडीच्या सागवानी चौकटीवर शके १८३४ असे कोरलेले आहे, म्हणजे १९१२ साल. आमचे पणजोबा कापसाची अडत करीत, आणि तो काळ त्या धंद्याला मानवणारा होता. १९०२ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांनी कायमच्या पट्ट्याने घेतला, दुसऱ्या वर्षी तो मध्य प्रांतास जोडला, आणि १९०५ साली जुन्या वणी जिल्ह्याची नवी मांडणी होऊन त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. त्याच सुमारास मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रुळांची आगगाडी दारव्ह्यावरून धावू लागली. किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या कारभाराखालील ही गाडी पुढे ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने सर्वतोमुखी झाली. आता ती बंद पडली आहे. तिचे मुख्य काम माणसे नेण्याचे नव्हतेच. काळ्या जमिनीतला कापूस मूर्तिजापुरास मोठ्या रुळांवर नेऊन सोडायचा, तेथून तो मुंबईस व मुंबईहून मँचेस्टरास, अशी ती साखळी होती. त्या साखळीच्या एका लहानशा कडीवर आमचा वाडा उभा राहिला.

वाड्याची रचना त्या काळच्या पैसा मिळालेल्या घराण्याला शोभेल अशीच. जोते काळ्या दगडाचे, भिंती वीट-चुन्याच्या, खांब आणि तुळया सागाच्या. आमच्या जिल्ह्याच्या रानांतील साग त्या वेळी बैलगाडीने दारात येत असे. रस्त्याच्या अंगाला माडी, माडीला बिडाच्या जाळीचा सज्जा, खिडक्यांना हिरव्या-तांबड्या काचा. आत चौक, चौकाभोवती छपरी, छपरीत पितळी कड्यांची बंगई. मात्र एक गोष्ट आमच्या लहानपणीच आमच्या नजरेस आली होती. दर्शनी उतारावर मंगलोरी कौले होती, तर आतील तिन्ही बाजूंना गावच्या कुंभाराची साधी कवेलू. अडत्याचे घर हे त्याच्या पतीची पाटी असते, आणि पाटी एकाच बाजूने रंगवितात. पणजोबांस आम्ही पाहिले नाही. परंतु त्या छपरावरून त्यांच्या स्वभावाची थोडीशी ओळख पटल्यासारखे वाटे.

साध्या कवेलूंचे छप्पर म्हणजे काय, हे सिमेंटच्या घरात वाढलेल्या पिढीला सांगितले पाहिजे. ही कवेलू नळीसारखी अर्धगोल असतात. एक ओळ उताणी, तिच्या सांध्यावर दुसरी ओळ पालथी, अशी ती बांबूच्या कामट्यांवर नुसती मांडलेली असतात. त्यांस खिळा नाही, चुना नाही. वाऱ्याने ती सरकतात, मांजरे भांडली की निखळतात, आणि आमच्याकडे वानरांची टोळी एकदा माडीवरून मागल्या पडवीवर उतरली की वीसपंचवीस कवेलूंचा चुरा ठरलेलाच. म्हणून मृगाच्या आधी दरवर्षी सगळे छप्पर उतरवून पुन्हा मांडावे लागे. दोन गडी वर चढत, एकेक ओळ काढीत, खालचा पाचोळा आणि उंदरांची बिळे झाडून टाकीत, कुजलेली कामटी बदलीत, फुटके कवेलू खाली फेकीत आणि धड कवेलू पुन्हा बसवीत. हीच शाकारणी. आम्हां मुलांना त्या दोन दिवसांत माजघरातून उघडे आकाश दिसे. त्याचे अप्रूप अजून आठवते. खाली पदर खोचून उभ्या असलेल्या काकू वरच्या गड्यास कोणती ओळ वाकडी गेली हे सांगत. त्या कधी छपरावर चढल्या नाहीत, पण त्या छपरातील प्रत्येक फट त्यांस पाठ होती. गेल्या वर्षी कोठे गळले, त्या जागेखाली त्या कोळशाने जमिनीवर खूण करून ठेवीत.

काका गेले, मुले नोकऱ्यांपायी बाहेर पडली, आणि वाड्यात काकू एकट्या राहिल्या. त्यांस स्वतःची मुले नव्हती. आम्ही पुतणेच त्यांची मुले. प्रत्येकाने दरवर्षी काही रक्कम पाठवावी असे ठरले होते. आम्ही जवळ, म्हणून शाकारणीचा भार आमच्याकडे. पैसे आम्ही पाठवीत नव्हतो असे नाही. वैशाखात पत्र येई, ज्येष्ठात परीक्षेच्या उत्तरपत्रिका असत, मग सत्रारंभ, मग एके दिवशी वर्गात रस्किन शिकवून घरी येताना आठवण होई, आणि आम्ही पोस्टात जाऊन मनिऑर्डर करीत असू. तोपर्यंत आषाढ लागलेला असे, आणि भर पावसात छप्पर कोण उतरवितो? पुढे कुंभारानेही कवेलू घडविणे सोडले. काकूंनी एकदा, एकदाच, लिहिले होते की टिनाचे पत्रे टाकले तर कटकट मिटेल. त्यावर आम्ही त्यांस चार पानी पत्र लिहून जुन्या घराचे सौंदर्य समजावून दिले. त्या पत्राची आठवण झाली की अजून कानशिले तापतात.

२००९ च्या आषाढात मागील पडवी रात्री कोसळली. काकू त्या रात्री देवघरात निजल्या होत्या, म्हणून वाचल्या. दोन वर्षांनी त्या वारल्या, वाड्यास कुलूप लागले, आणि कुलूपबंद घराची जी गत होते तीच त्याची होत गेली.

यंदाच्या हिवाळ्यात चुलत भावांचा दूरध्वनी आला. दारव्ह्याच्या एका कंत्राटदाराने जागेला चांगला भाव देऊ केला होता. तेथे दुकानांचे गाळे व्हावयाचे होते. सर्वांच्या सह्या झाल्या होत्या, आमची राहिली होती. धाकटा म्हणाला, “दादा, घाई नाही, पण पावसाळ्याआधी मोकळे करून देतो असे सांगितले आहे.” आम्ही विचार करण्यास पंधरा दिवस मागितले. विचार कशाचा करावयाचा होता, ते आम्हांस तेव्हा सांगता आले नसते.

त्याच पंधरवड्यात मुलांना घेऊन सेवाग्रामास जाण्याचा योग आला. वर्गात रस्किन झाला की गांधींचे नाव निघतेच. १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना आगगाडीत त्यांनी ‘अन्टु धिस लास्ट’ वाचले आणि त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले, ही गोष्ट त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितली आहे. पुढे १९०८ साली ‘सर्वोदय’ या नावाने त्यांनी त्याचा गुजरातीत सारांश काढला. तेव्हा रस्किनच्या वाचकाने सेवाग्राम पाहावे, हे ओघानेच आले. यवतमाळहून कळंबवरून निघाले की वर्धा नदी लागते. हीच एके काळी वऱ्हाडची आणि मध्य प्रांताची सीमा. नदी ओलांडून देवळीवरून वर्धा, आणि वर्ध्याहून आठ किलोमीटरांवर सेवाग्राम. सेवाग्राम आम्ही पूर्वी दोनदा पाहिले होते. परंतु थोरांची स्थाने पाहताना माणूस बहुधा पाट्या वाचतो, घर पाहात नाही. या खेपेस एका घराचा निकाल डोक्यात असल्यामुळे असेल, आम्ही प्रथमच ते घर पाहिले.

बापूकुटीचा इतिहास थोडक्यात असा. १९३० च्या मार्चात साबरमती सोडताना स्वराज्य मिळाल्यावाचून परत न येण्याचा गांधींचा निश्चय होता. जमनालाल बजाज यांनी त्यांस वर्ध्यास आणिले. तेथे मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. परंतु खेड्यांविषयी बोलावयाचे आणि शहरात राहावयाचे, हे त्यांस खपेना. मीराबेन, म्हणजे पूर्वाश्रमीच्या मॅडलिन स्लेड, एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी, आधीच शेगाव या लहानशा खेड्यात जाऊन राहिल्या होत्या. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीही तेथे गेले. तेथे चांगला रस्ता नव्हता, हिवताप होता, सापविंचू होते. त्याच वर्षी खुद्द गांधींनाही हिवतापाने गाठले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागला, तेव्हा १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. पहिले घर ते आदिनिवास. त्यात इतकी माणसे जमली, की मीराबेनांनी स्वतःकरिता बांधलेली कुटी पुढे गांधींच्या वाट्यास आली. तीच आजची बापूकुटी. म्हणजे या जगप्रसिद्ध घराची योजना राहणाऱ्याने नव्हे, तर दुसऱ्याच एका स्त्रीने स्वतःसाठी केलेली आहे, ही गोष्ट पाट्या वाचणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

घर बांधताना गांधींनी अट घातली होती, की खर्च शक्य तितका कमी व्हावा, कोणत्याही परिस्थितीत शंभर रुपयांवर जाऊ नये, आणि साहित्य व मजुरी जवळपासचीच असावी. साहित्य म्हणजे तरी काय? माती, बांबू, लाकूड, कवेलू. आम्ही ओसरीत उभे राहून वर पाहिले आणि आम्हांस एकदम दारव्ह्याचे मागले अंग आठवले. तेच अर्धगोल कवेलू, तीच उताणी-पालथी ओळ. पणजोबांनी रस्त्यावरून दिसू नये म्हणून जे मागे दडविले, तेच येथे पुढे होते, मागे होते, सगळीकडे होते.

छप्पर बाहेर बरेच ओढून घेतलेले आहे. मातीच्या भिंतीचा खरा शत्रू पाऊस, आणि खोल पागोळी हाच तिचा खरा रक्षक. ही गोष्ट आमच्याकडील कोणत्याही कुणब्याला ठाऊक असते. याच पागोळीने उन्हाळ्यात भिंतीवर ऊन येत नाही. वर्ध्याचा उन्हाळा म्हणजे काय, हे वर्ध्याबाहेरच्यांनी विचारू नये. १९४२ च्या जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार आठवडाभर येथे राहिला. पाणी भरलेल्या टिनाच्या टबात खोके ठेवून त्यावर तो बसे आणि दुसऱ्या खोक्यावर टंकयंत्र ठेवून आपली टिपणे करी. त्यातूनच त्याचे गांधींबरोबरच्या आठवड्याचे पुस्तक झाले.

आत शिरताना चपला काढून थोडे थबकावे, अशी जागा आहे. मधली खोली बैठकीची. तीत एका बाजूस चटई, लहानसे डेस्क, चरखा. खुर्ची नाही, टेबल नाही. भिंतीवर मीराबेनांनी मातीतच उठाव देऊन काढलेली ताडाची झाडे आहेत. एक आरमारी अधिकाऱ्याची लेक सेगावच्या चिखलात बोटे बुडवून ताड काढीत बसली आहे, हे चित्र आमच्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. भिंतीवर रस्किनचे एक वचन लावलेले आहे, असत्याच्या स्वरूपाविषयीचे. ते आम्ही मुलांना मोठ्याने वाचून दाखविले, आणि वाचता वाचता आमचाच आवाज थोडा खाली आला. पलीकडे पाहुण्यांची व आजाऱ्यांची जागा. शेवटी ऐसपैस न्हाणीघर आणि शौचकूप. घराच्या मानाने ही शेवटची जागा इतकी मोठी व इतकी स्वच्छ ठेवलेली, की आमच्या वर्गातील एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, आमच्या फ्लॅटात याच्या निम्मीसुद्धा नाही.”

साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पिंजरा येथे मुलांच्या विशेष पसंतीस उतरला. साप मारावयाचा नाही, पकडून रानात सोडावयाचा. व्हाइसरॉयशी बोलता यावे म्हणून बसविलेला दूरध्वनीही पाहावयास मिळतो. मातीच्या घरात साम्राज्याची तार येऊन पोचलेली पाहून आम्हांस थोडे हसूही आले. या साधेपणासाठी भोवतालच्यांना किती खर्च पडतो, अशा अर्थाची सरोजिनीबाईंची थट्टा सर्वश्रुत आहे, आणि तीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. तथापि ती थट्टा आश्रमाच्या खटल्याला लागू पडते. या चार भिंतींना लागू पडते की नाही, याचा आम्हांस संशय आहे.

थोड्याच अंतरावर परचुरे कुटी आहे. दत्तात्रेय परचुरे शास्त्री हे संस्कृतचे विद्वान, गांधींचे येरवड्याच्या तुरुंगातले सोबती. महारोग बळावल्यावर ते १९३९ साली येथे आले. त्या काळी अशा रोग्यास गावकुसाबाहेर ठेवीत. येथे गांधींनी त्यांस आपल्या कुटीच्या हाकेच्या अंतरावर घर करून दिले आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग मळून दिले. घराचा नकाशा काढताना दुखणाईताची जागा कोठे ठेवली आहे, एवढ्यावरून घरधन्याची पारख होते. आमच्या वाड्यात दुखणाईताची जागा मागील पडवीत होती. काका तेथेच वारले. पडवी पडली ती तीच.

१९७८ सालच्या जानेवारीत इव्हान इलिच हा विचारवंत या कुटीत येऊन बसला होता, आणि त्याने सेवाग्रामास दिलेल्या भाषणात या घरातील सात प्रकारच्या जागा मोजून दाखविल्या होत्या. त्याच्या मते वस्तू साठविण्याकरिता बांधलेले घर निराळे, आणि माणसांनी राहण्याकरिता केलेले घर निराळे. हे भाषण आम्ही एके काळी मुलांना वाचण्यास देत असू. इलिचचे निरीक्षण सूक्ष्म आहे, यात शंका नाही. परंतु त्याने मोजलेल्या सात जागांत एक जागा राहून गेली, असे आम्हांस त्या दिवशी वाटले. ओसरीच्या कडेला एक बाई उकिडवी बसून जमीन सारवीत होती. तिच्या हाताखालची ती ओली जागा.

साठीच्या पुढचे वय, नऊवारी लुगडे, कोपरापर्यंत शेणकाल्याने माखलेले हात. तिचा तळहात अर्धवर्तुळात फिरे आणि मागे पाकळीसारखी एक रेघ उमटे. दुसरी रेघ पहिलीला चिकटून, तिसरी दुसरीला. मुले पुढे गेली होती. आम्ही विचारले, “बाई, हे रोज करावे लागते का?”

ती मान वर न करता म्हणाली, “रोज नाही जी. पण दोन-चार दिसाआड हात फिरवाच लागते. भिताडाले पावसाळ्याच्या आधी लिपा लागते. मातीचं घर हाय भाऊ, हात नाही लागला का त्याचं ढेकूळ होते.”

मग तिनेच विचारले, “तुमचं घर मातीचं हाय का?”

“नाही,” आम्ही म्हटले, “वीट-चुन्याचे आहे. सागाचे.”

“मंग त तुमाले काई पाहाच लागत नसन,” ती म्हणाली आणि बादली पुढे सरकवून पुढच्या हाताला लागली.

यावर काय बोलणार? गांधी १९४६ च्या ऑगस्टमध्ये येथून गेले ते पुन्हा आले नाहीत. त्यानंतर पाऊणशेंहून अधिक पावसाळे या मातीवरून गेले. आमचा वाडा दगडी जोत्याचा, सागाच्या तुळयांचा, पिढ्यान्‌पिढ्या टिकावा म्हणून बांधलेला. तो कुलूप लागल्यापासून दहाबारा वर्षांत बसला. पक्के बांधकाम केले की निगा राखण्यातून सुटका झाली, हा भ्रम आमच्या पणजोबांपासून आमच्या घरात चालत आला असावा. मंगलोरी कौलांकडे पाहून पुरुष निर्धास्त झाले, आणि मागच्या कवेलूंखाली बायका भांडी मांडीत राहिल्या. रस्किननेही शिशाचे पत्रे आणि पाचोळा सांगितला खरा. पण तो पाचोळा काढावयास वर कोण चढतो, त्याला पैसे केव्हा मिळतात, आणि तो आला नाही तर रात्रभर घमेले कोण रिकामे करीत बसते, हे काही त्याने सांगितलेले नाही. आम्हीही अठ्ठावीस वर्षांत एकदाही विचारले नाही.

परतल्यावर आम्ही धाकट्या भावास दूरध्वनी केला. वाडा राखता येईल का, निदान पुढचा भाग तरी, असे चाचपडत विचारले. तो रागावला नाही. तो म्हणाला, “दादा, राखायला हरकत नाही. तुझ्या निवृत्तीला चारच वर्षे राहिली आहेत. तू राहायला जाणार आहेस का?”

आम्ही घरात विचारले. सौभाग्यवतींनी आमच्याकडे नुसते पाहिले. तिच्या गुडघ्यांचे दुखणे, मुलीचे बाळंतपण, यवतमाळातला दवाखाना, हे सगळे त्या पाहण्यात होते, आणि त्यातले काहीच खोटे नव्हते. दोन दिवसांनी आम्ही सही केली.

चैत्र अखेरीस देवघरातील देव आणावयास आम्ही दारव्ह्यास गेलो. कंत्राटदाराचे लोक आधीच आले होते. सागाच्या तुळयांचा सौदा अमरावतीच्या एका व्यापाऱ्याशी झाला होता, बिडाचा सज्जा भंगारात जावयाचा होता, आणि रंगीत काचांना कोणी गिऱ्हाईक नव्हते. देवघराच्या कोनाड्यात देवांच्या मागे काकूंची लांबट वही सापडली. तीत वर्षावर्षाचा छपराचा हिशेब होता. इतकी कवेलू, इतके बांबू, सुतळी, दोन गडी, त्यांचे जेवण. पहिली पाने भरगच्च होती, पुढची विरळ होत गेलेली. शेवटून दुसऱ्या पानावर पडवी पडली त्या वर्षाच्या ज्येष्ठाची नोंद होती: ‘कवेलू अडीचशे लाडखेडास सांगून ठेविली. बांबू पंधरा. गडी थांबावयास तयार आहे. यवतमाळचे पैसे आले की सुरू करणे.’ खाली श्रावणाची तारीख घालून निराळ्या शाईत लिहिले होते: ‘यवतमाळहून मनिऑर्डर आली. कवेलू नकोत म्हणून निरोप दिला. पैसे पोस्टात टाकले.’

आम्ही ती वही हातात घेऊन चौकात आलो. वर दोन गडी चढले होते आणि आढ्यापासून एकेक ओळ खाली काढीत होते, अगदी शाकारणीला काढीत तशीच. माजघरातून आकाश दिसू लागले होते. त्यांतील एकाने वरून हाक मारून विचारले, “साहेब, कवेलू बरीच धड हायेत. फेकू का ठेवू?”

ठेवा म्हणून आम्ही सांगितले. चौकात, छपरीच्या कडेला, त्यांनी ती ओळीने रचून ठेविली. मोजली तेव्हा अकराशेंवर भरली.